दिव्यांचे नगर आणि एक उंच खिडकी



रात्रीच्या वेळी नगराचे छायाचित्र घ्यावयाचे तर कोठे उभे राहावे, हा प्रश्न छायाचित्रणाचा छंद असलेले बहुतेक लोक सर्वप्रथम विचारतात. त्याचे ठरीव उत्तरही तयार असते. मध्ये पाणी असावे आणि पाण्यापलीकडे नगर असावे. न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतींची रांग टिपावयाची तर ईस्ट नदी ओलांडून ब्रुकलिनच्या काठावर जावे. मुंबईचा मरीन ड्राइव्ह टिपावयाचा तर मलबार टेकडीवर कमला नेहरू उद्यानाच्या कठड्याशी उभे राहावे. या जागा उत्तम आहेत, यात शंका नाही. त्या उत्तम आहेत म्हणूनच तेथून घेतलेली हजारो चित्रे एकमेकांसारखी दिसतात. इमारतींच्या माथ्यांनी आकाशावर काढलेली एक रेषा, तिच्याखाली दिव्यांचे ठिपके, आणि पाण्यात त्यांचे लांबट प्रतिबिंब. अशा चित्रात नगर दिसते. पण ते नाटकाच्या पडद्यावर रंगविलेल्या नगरासारखे दिसते. त्याच्या आत काय चालले आहे, याचा पत्ता लागत नाही.

आजच्या व्याख्यानात मी या प्रश्नाला दुसरा एक प्रश्न जोडू इच्छितो. तो म्हणजे, केव्हा उभे राहावे? असामान्य जागा मिळविण्यास कष्ट पडतात हे खरे. परंतु त्या जागेचे मोल ठरते ते वेळेवरून. आणि ही वेळ केवळ सूर्यास्ताची नसते. नगरात काम करणारी माणसे दिवे केव्हा लावतात आणि केव्हा मालवून घरी जातात, यावर ती तितकीच अवलंबून असते. हे समजून घेण्यासाठी एका प्रसिद्ध छायाचित्राची हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहे. बेरेनिस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून ते घेतले. ‘नाइटव्ह्यू, न्यूयॉर्क’ या नावाने ते ओळखले जाते.

ॲबट यांचा जन्म १८९८ साली ओहायो राज्यात झाला. शिल्पकला शिकण्याच्या हेतूने त्या १९२१ मध्ये युरोपात गेल्या आणि १९२३ पासून पॅरिसमध्ये मॅन रे या चित्रकार-छायाचित्रकाराच्या काळोख्या खोलीत सहायक म्हणून काम करू लागल्या. पुढे त्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला. परंतु त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते एका वृद्ध माणसामुळे. यूजीन आत्झे हा गृहस्थ तीस वर्षे जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकाने, जिने आणि अंगणे यांची छायाचित्रे घेत हिंडत होता. १९२७ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. ॲबट यांनी दुसऱ्याच वर्षी त्याच्या काचेच्या निगेटिव्ह आणि मुद्रिते यांचा मोठा साठा खरेदी केला आणि तो पुढे चाळीस वर्षे सांभाळला. १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. एखाद्या नगराची स्मृती एका माणसाच्या चिकाटीवर कशी टिकते, याचा हा धडा मनात घेऊन त्या १९२९ च्या प्रारंभी न्यूयॉर्कला परतल्या. पाहतात तो आठ वर्षांपूर्वी सोडलेले नगर पुरते बदलून गेले होते. जुन्या विटांच्या घरांच्या जागी पोलादी सांगाडे उभे राहत होते. पॅरिसला परत जाण्याचा बेत रद्द करून त्यांनी हे बदलते नगर टिपावयाचे ठरविले.

ज्या इमारतीतून त्यांनी आपले रात्रीचे चित्र घेतले, ती त्या वेळी नवी कोरी होती. एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उद्घाटन १ मे १९३१ रोजी झाले. १०२ मजले, ३८१ मीटर उंची. जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून तिचा डंका वाजत होता. पण महामंदीचे दिवस होते. कार्यालये भाड्याने घेणार कोण? कित्येक मजले ओस पडलेले होते आणि न्यूयॉर्कचे थट्टेखोर नागरिक ‘एम्पायर’ या शब्दाच्या जागी ‘रिकामी’ या अर्थाचा ‘एम्प्टी’ हा शब्द घालून तिचे नाव घेत. आजूबाजूच्या गजबजलेल्या, प्रकाशाने भरलेल्या इमारतींचे सर्वांत गाजलेले चित्र अशा अर्ध्या रिकाम्या इमारतीतून घेतले गेले, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

उंच जागेवरून छायाचित्र घ्यावयाचे तर गच्चीवर जावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. ॲबट यांनी गच्ची टाळली. तीनशे मीटरांवर वारा जोराचा असतो. ट्रायपॉडवर ठेवलेला मोठा कॅमेरा त्या वाऱ्यात किंचित जरी थरथरला, तरी दीर्घकाळ घ्यावयाचे चित्र वाया जाते. म्हणून त्यांना खिडकी हवी होती. ती मिळविणे हे चित्र घेण्याइतकेच जिकिरीचे होते. उंच इमारतींच्या व्यवस्थापकांची परवानगी मिळविताना कसा जीव मेटाकुटीला येई, याविषयी त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. ज्यांनी आपल्याकडे एखाद्या कार्यालयाच्या इमारतीत रखवालदारापासून सचिवापर्यंत चकरा मारल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

आता वेळेचा हिशेब पाहू. ॲबट यांना दोन गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या. बाहेर पुरेसा अंधार हवा, म्हणजे दिवे उठून दिसतील. आणि कार्यालयांच्या खिडक्यांत दिवे जळत असावयास हवेत. परंतु न्यूयॉर्कमधील कार्यालये पाच वाजता सुटत. पाचाच्या ठोक्याला कारकून, टंकलेखिका, हिशेबनीस उठत आणि दिवे मालवून चालू लागत. उन्हाळ्यात प्रमाणवेळेप्रमाणे साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडण्यापूर्वीच खिडक्या ओस पडलेल्या असतात. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत सूर्यास्त सहाच्या आसपास होतो. तेव्हाही उपयोग नाही. म्हणजे पाचापूर्वी अंधार आणि पाचापर्यंत दिवे, अशा दोन्ही अटी वर्षातील सर्वांत लहान दिवसांच्या सुमारासच पुऱ्या होऊ शकतात. ॲबट यांनी २० डिसेंबर हा दिवस निवडला. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सूर्य ४ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर सुमारे अर्धा तास संधिप्रकाश रेंगाळतो. म्हणजे पाच वाजण्यापूर्वीची जेमतेम पंधरावीस मिनिटे काय ती हाती लागतात.

येथे एक बारकावा सांगावासा वाटतो. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा असला, तरी सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त त्या दिवशीचा नसतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. त्यामुळे सूर्याचे माध्यान्ह घड्याळाच्या मानाने मागेपुढे सरकत राहते. न्यूयॉर्कला सर्वांत लवकर सूर्यास्त ७ डिसेंबरच्या आसपास, ४ वाजून २८ मिनिटांनी होतो. पंचांगाच्या काटेकोर दृष्टीने ॲबट यांना दोन आठवडे आधी खिडकीशी उभे राहता आले असते आणि तीन मिनिटे जास्त मिळाली असती. अर्थात हवा स्वच्छ असणे, वारा मंद असणे आणि व्यवस्थापकाची मर्जी असणे, या गोष्टी पंचांगात लिहिलेल्या नसतात.

फिल्मवर प्रकाश पडू देण्याच्या अवधीला उद्भासनकाल म्हणतात. उन्हात तो सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकाही पुरतो. या चित्राचा उद्भासनकाल होता पंधरा मिनिटांचा, म्हणजे नऊशे सेकंदांचा. हाती असलेला वेळ आणि लागणारा वेळ यांची तुलना केली म्हणजे ध्यानात येते की येथे दुसऱ्या प्रयत्नाला जवळजवळ वाव नव्हता. चुकले तर पुढच्या वर्षी. त्या वेळच्या फिल्मची संवेदनशीलता आजच्या मानाने कमी होती. शिवाय जवळच्या इमारतींपासून दूरच्या रस्त्यांपर्यंत सर्व काही रेखीव यावे म्हणून भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते, आणि छिद्र लहान केले की वेळ वाढतो.

वेळ नुसता वाढवून भागत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. साधारण नियम असा की प्रकाश निम्मा झाला तर वेळ दुप्पट करावा. परंतु अत्यंत मंद प्रकाशात हा नियम मोडतो. फिल्मवरील चांदीच्या क्षारांचे कण मंद प्रकाशाला आळसाने प्रतिसाद देतात. प्रकाशाचे कण इतक्या विरळपणे येतात, की एकाने घडविलेला परिणाम दुसरा येण्यापूर्वीच काही अंशी विरून जातो. कार्ल श्वार्त्सशिल्ट या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांची छायाचित्रे घेताना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. तिचा परिणाम रात्रीच्या चित्रावर दुहेरी होतो. मंद प्रकाशातील भिंती, कौले, गच्च्या अपेक्षेपेक्षाही अधिक काळ्या पडतात, तर दिवे आपला पुरेपूर ठसा उमटवितात. मुळातच रात्रीच्या दृश्यात उजेड-काळोखाचा विरोध तीव्र असतो. तो अशा रीतीने आणखी तीव्र होतो. भरीस भर म्हणजे प्रखर दिव्याचा प्रकाश फिल्मच्या पायसाचा थर भेदून पलीकडे जातो, पाठीमागच्या पृष्ठभागावरून परततो आणि दिव्याभोवती अस्पष्ट प्रभामंडल निर्माण करतो. हे टाळण्यासाठी फिल्मच्या पाठीला प्रकाश शोषून घेणारा लेप देतात. उरलेला विरोध सौम्य करण्यासाठी निगेटिव्ह मृदू विकासकात धुवावी लागते, म्हणजे दिव्यांच्या जागा पार काळ्याकुट्ट होण्याआधीच छायेतील तपशील हळूहळू वर येतो. ॲबट यांनीही मृदू विकासकच वापरला. चित्र घेताना इमारतीला होणारी सूक्ष्म कंपने लक्षात घेता निगेटिव्ह इतकी रेखीव निघाली, याचे त्यांना स्वतःलाही आश्चर्य वाटले होते.

आता त्या चित्राकडे पाहा. पाहणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो आकाश नसल्याचा. नगराच्या आकाशरेषेचे चित्र म्हणावे, तर त्यात रेषाही नाही आणि आकाशही नाही. कॅमेरा खाली झुकलेला आहे आणि चौकट काठोकाठ इमारतींनी भरलेली आहे. ज्या माथ्यांकडे आपण रस्त्यावरून मान उंचावून पाहतो, ते माथे पायांखाली आहेत. इमारतींच्या कडा काळ्या, खिडक्या पांढऱ्या. आणि खाली रस्ते वितळलेल्या धातूच्या प्रवाहासारखे झळाळत आहेत.

रस्ते असे अखंड का झळाळतात? पंधरा मिनिटांत शेकडो मोटारी त्यावरून गेल्या. एकही मोटार चित्रात दिसत नाही. त्यांच्या दिव्यांची मात्र एकमेकांवर पडून एक सलग पट्टी झाली आहे. पादचारी तर पूर्णपणे नाहीसे झाले आहेत. छायाचित्रणाच्या आरंभकाळीही असेच घडले होते. दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसमधील एका वाहत्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा तो रस्ता निर्मनुष्य उमटला. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी स्थिर उभा राहिलेला एक माणूस तेवढा त्यात राहिला. ॲबट यांच्या चित्रात तोही नाही. आणि तरीही हे चित्र माणसांनी भरलेले आहे, असे मी म्हणतो. त्यातील प्रत्येक उजळ खिडकीमागे कोणीतरी कामावर होते म्हणून ती उजळ आहे. कॅमेऱ्याने पंधरा मिनिटे प्रकाश गोळा केला आहे. एखाद्याने सातव्या मिनिटाला दिवा मालवला असेल तर त्याची खिडकी निम्माच प्रकाश देऊन गेली असेल आणि शेजारच्या खिडकीपेक्षा फिकी उमटली असेल. म्हणजे कोण वेळेआधी उठले आणि कोण शेवटपर्यंत बसून राहिले, याचा हिशेबसुद्धा त्या निगेटिव्हमध्ये कोठेतरी दडलेला आहे. एखाद्या कार्यालयातील हजेरीपट इतका प्रामाणिक असेल की नाही, कोण जाणे!

त्याच काळात पॅरिसमध्ये ब्रासाई हा छायाचित्रकार रात्रीच्या रस्त्यांतून पायी हिंडत होता. त्याचे ‘पारी द न्वी’ हे पुस्तक १९३२-३३ च्या हिवाळ्यात प्रसिद्ध झाले. तो उद्भासनकाल सिगारेटींवर मोजत असे. उजेड बरा असेल तर एका छापाची, अंधार अधिक असेल तर दुसऱ्या, जाड सिगारेट. त्याचे नगर भिंती, धुके आणि वाटसरू यांचे आहे. न्यूयॉर्कमध्येही आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी १९१५ मध्येच आपल्या कलादालनाच्या मागच्या खिडकीतून रात्रीची चित्रे घेतली होती. ती सुंदर आहेत, पण त्यांत नगर एका माणसाच्या मनःस्थितीचे निमित्त झाल्यासारखे वाटते. ॲबट यांना स्वतःच्या मनःस्थितीशी कर्तव्य नव्हते. त्यांना दस्तऐवज हवा होता.

हा दस्तऐवज उभा करण्यासाठी त्यांना पैशाची जी ओढाताण सोसावी लागली, ती थोडक्यात सांगतो. संग्रहालये, संस्था, धनिक मंडळी यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले. कोणी दाद दिली नाही. अखेर १९३५ मध्ये मंदीच्या काळात बेकार कलावंतांना काम देण्यासाठी सरकारने सुरू केलेल्या फेडरल आर्ट प्रोजेक्टने त्यांची योजना उचलली. १९३९ पर्यंत ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ या नावाने ३०५ छायाचित्रांचा संग्रह तयार झाला. त्यातील निवडक चित्रांचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले, तेव्हा त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनासाठी येणाऱ्या प्रवाशांना उपयोगी पडेल अशा मार्गदर्शिकेचे रूप प्रकाशकाने त्याला दिले. एलिझाबेथ मॅक्कॉसलंड यांनी लिहिलेला मजकूर कापून टाकून तेथे कोरडी माहिती छापण्यात आली. कलावंताच्या हेतूवर बाजाराची कात्री चालण्याचे हे काही पहिले उदाहरण नव्हे. पण चित्रे राहिली. ज्या वास्तू पुढे पाडल्या गेल्या, त्यांपैकी कित्येकींची ओळख आज याच चित्रांतून पटते.

गंमत अशी की ‘नाइटव्ह्यू’चा दिवस आणि घटका आपल्याला ठाऊक आहेत, पण त्याच्या सालाविषयी मात्र एकवाक्यता नाही. बहुतेक ठिकाणी १९३२ हे साल दिलेले असते. काही ठिकाणी दोन-चार वर्षे पुढचे सालही आढळते. साल एवढे महत्त्वाचे का? मंदीच्या ऐन तळाशी, १९३२ मध्ये, किती खिडक्या उजळ होत्या आणि १९३६ मध्ये किती, हे दोन वेगळे पुरावे आहेत. निगेटिव्हच्या पाकिटावर दिनांक लिहिण्यास अर्धे मिनिट लागते; ते न लिहिल्यास पुढच्या अभ्यासकांची वर्षे खर्ची पडतात. आपल्या देशातील ग्रंथालये आणि घरगुती संग्रह चाळताना तर हा अनुभव पावलोपावली येतो.

भारतात हा हिशेब कसा जुळतो, हे आता पाहू. आपल्या देशात घड्याळ एकच आहे, सूर्यास्त मात्र अनेक. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. कोलकाता त्याच्या पूर्वेस सुमारे ८८.४ अंशांवर आहे, मुंबई पश्चिमेस सुमारे ७२.८ अंशांवर. एका अंशास चार मिनिटे, म्हणजे दोन्ही नगरांच्या सूर्यात तासाभराचे अंतर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोलकात्यात सूर्य पाचाला आठ-दहा मिनिटे असतानाच मावळतो. मुंबईत तो सहाच्या सुमारास मावळतो. कोलकात्याच्या छायाचित्रकाराला हिवाळ्यात कार्यालये गजबजलेली असतानाच अंधार मिळतो. या बाबतीत कोलकाता न्यूयॉर्कच्या जवळचे आहे. मुंबईकराला सहानंतर थांबावे लागते. सुदैवाने, की दुर्दैवाने, मुंबईतील कार्यालये उशिरापर्यंत चालू असतात.

आणखी एक फरक संधिप्रकाशाचा. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य क्षितिजाशी जास्त उभ्या दिशेने खाली उतरतो. त्यामुळे अंधार झटकन पडतो. डिसेंबरात न्यूयॉर्कला सूर्यास्तानंतर नागरी संधिप्रकाश सुमारे एकतीस मिनिटे टिकतो, तर मुंबई आणि कोलकात्यात तेवीस-चोवीस मिनिटेच. आकाशात अजून निळसर उजेड आहे आणि दिवेही लागले आहेत, अशी जी घटका सर्व छायाचित्रकारांना प्रिय असते, ती आपल्याकडे अधिक आखूड असते. परदेशी पुस्तकांत दिलेली वेळापत्रके आपल्याकडे जशीच्या तशी वापरणारे फसतात ते यामुळे.

आपल्या नगरांतही खिडक्यांचा उजेड एका जागेवरून उठून दुसरीकडे जातो. कोलकात्यात डलहौसी चौकातील, म्हणजे आजच्या बिनय-बादल-दिनेश बागेतील, रायटर्स बिल्डिंग हे कित्येक पिढ्यांचे सत्ताकेंद्र होते. २०१३ मध्ये राज्य सचिवालय हुगळीपलीकडे हावड्यातील नबान्न या इमारतीत गेले. मुंबईत नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत १९७४ साली पूर्ण झाली आणि मरीन ड्राइव्हच्या टोकाची खूणच होऊन बसली. त्या कंपनीचे मुख्यालयही २०१३ मध्येच दिल्लीस हलले. दरम्यान अनेक बँका आणि कंपन्या उत्तरेकडे वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या होत्या. दिवसा घेतलेल्या छायाचित्रात रायटर्स बिल्डिंग पूर्वीही तीच, आजही तीच. तिच्या आतले काम कोणत्या साली कोठे चालत होते, हे सांगू शकेल ते संध्याकाळचे चित्र.

असामान्य जागेची गोष्ट निघाली आहे, तर गेल्या काही दशकांत उपलब्ध झालेल्या सर्वांत उंच खिडकीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक भूपृष्ठापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. तेथून रात्रीची नगरे टिपण्यात ॲबट यांचीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर पुढे येते: पायाखालचा आधार स्थिर नाही. स्थानकाखालून जमीन सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने मागे सरकते. सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उद्भासनकाल ठेवला तरी दिवा सातशे मीटर लांबीची रेघ होतो. अख्खा मोहल्ला फासला जातो. डोनाल्ड पेटिट हे अंतराळवीर नोव्हेंबर २००२ मध्ये तेथे राहावयास गेले. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाचा अपघात झाला, त्यात आपल्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी दगावले. यानांची उड्डाणे थांबली आणि पेटिट यांचा मुक्काम मे महिन्यापर्यंत लांबला. स्थानकात पडून असलेले सुटे भाग, चित्रपटाच्या कॅमेऱ्याची बैठक, एक बोल्ट आणि विजेवर चालणारा स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या साहित्यातून त्यांनी एक यंत्र जुळविले. स्क्रू फिरवीत कॅमेरा हळूहळू विरुद्ध दिशेने वळवावयाचा, म्हणजे खालचे नगर भिंगासमोर स्थिर राहते. कल्पना जुनीच, हौशी आकाशनिरीक्षक ताऱ्यांसाठी असे बिजागरीचे साधन फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. पेटिट यांनी ते ताऱ्यांकडून नगरांकडे वळविले. त्यांच्या चित्रांत रस्त्यांची जाळी वेगळी ओळखू येऊ लागली.

या उंचीवरून माणसाची घटका दिसत नाही, दिव्याची जात मात्र दिसते. सोडियमचे दिवे नारिंगी, पाऱ्याच्या वाफेचे दिवे हिरवट-निळे. ऑगस्ट २०११ मध्ये स्थानकावरून घेतलेल्या एका चित्रात भारत आणि पाकिस्तान यांच्या सरहद्दीवरील कुंपणाचे दिवे एका नागमोडी नारिंगी रेषेसारखे दिसतात. राजकीय सीमा रात्री अंतराळातून दिसावी, अशा जागा पृथ्वीवर फार थोड्या आहेत.

आणि आता हे रंगही पालटत आहेत. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये रस्त्यांवरील दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसविले गेले. त्याच वर्षी मरीन ड्राइव्हवरील पिवळे दिवे जाऊन पांढरे आले, तेव्हा ‘राणीचा कंठहार’ निस्तेज झाला म्हणून मुंबईत मोठीच ओरड झाली. विजेची बचत हा मुद्दा बिनतोड होता. तरीही नगराच्या रात्रीच्या रंगावर नागरिकांचा काही हक्क असतो, ही जाणीव त्या वादातून प्रथमच इतक्या स्पष्टपणे व्यक्त झाली. शास्त्रज्ञांनाही या बदलाचा उपद्रव झाला. २०११ पासून पृथ्वीवरील रात्रीचा उजेड मोजणाऱ्या एका उपग्रहावरील उपकरणाला निळा प्रकाश दिसतच नाही. त्यामुळे पांढऱ्या एलईडीकडे वळलेले नगर, प्रत्यक्षात तितकेच उजळ असूनही, त्याच्या नोंदीत मंदावल्यासारखे दिसू शकते.

पंधरा मिनिटांची गरज आज उरलेली नाही. खिशातला दूरध्वनीसुद्धा अनेक अल्पकालीन चित्रे एकापाठोपाठ घेऊन, हाताची थरथर वजा करून, ती एकमेकांवर रचतो. श्वार्त्सशिल्टने अभ्यासलेला फिल्मचा आळस आधुनिक संवेदकांत नाही. तेथे अडचण येते ती उष्णतेमुळे उठणाऱ्या रवाळ ठिपक्यांची. एक वेगळीच अडचण मात्र नव्याने उद्भवली आहे. उजळ खिडकी म्हणजे कामावर असलेला माणूस, हे ॲबट यांच्या काळचे समीकरण आता विश्वासार्ह राहिलेले नाही. कित्येक इमारतींतले दिवे माणसाची चाहूल लागताच आपोआप लागतात आणि तो उठून गेल्यावर काही वेळाने आपोआप विझतात; कित्येकींचे दर्शनी भाग निव्वळ शोभेसाठी मध्यरात्रीपर्यंत उजळलेले असतात. ड्रोनच्या साहाय्याने वाटेल त्या उंचीवर कॅमेरा नेता येतो, अर्थात २०२१ च्या नियमांनी आखून दिलेल्या हिरव्या, पिवळ्या व लाल क्षेत्रांची मर्यादा पाळूनच. पण तेथून जे दिवे दिसतात त्यांतले कोणते कामाचे आणि कोणते जाहिरातीचे, हे खाली चौकशी केल्याखेरीज कळत नाही. अशी चौकशी करणारे छायाचित्रकार थोडे आहेत. कोलकात्यात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पाच ते सव्वापाच या वेळात, डलहौसी चौकाच्या आसपासच्या एखाद्या वरच्या मजल्यावर खिडकी मिळू शकत असेल, तर चौकाकडे पाहून ओळीने दहा वर्षे एकाच जागेवरून चित्र घेणारा कोणी भेटावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. परवानगीचे अर्ज मात्र त्याने पूजेच्या सुट्ट्यांपूर्वीच द्यावेत.